देवाचे कान

जामसंड्यापलीकडच्या एका वाडीत भिकाजी गुरव चाळीस वर्षं ग्रामदेवाची पूजा करत आले. कुणाचं लग्न अडलं, कुणाची गाय हरवली, की माणसं त्यांच्याकडे येत. ते देवाला गाऱ्हाणं घालत, पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवत, आणि उजवा दाणा आधी पडला की देवाने होकाराचा कौल दिला असं समजायचं.

अलीकडे त्यांचं गाऱ्हाणं फार मोठ्याने चाले. कुणी विचारलं तर सांगत, "देवाक हल्ली कमी ऐकाक येता. वय झाला त्याचा." लोक हसत. मुलगी तन्वी हसत नसे. घरी तिला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे.

एका सोमवारी सुशीला आली. तिची सून अक्षया भांडून माहेरी गेली होती. भिकाजींच्या कानाशी लागून सुशीला म्हणाली, "चूक माजी आसा. मी तिका नको ता बोललंय. आणूक जाव काय, इतक्याच विचारा."

त्यांनी तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग हात जोडून असा आवाज लावला, की सभामंडपात हार ओवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"बा देवा महाराजा, ही सुशीला सुनेक नको नको ता बोलली. आता तिका पस्तावो झालो आसा..."

सुशीला कौलासाठी थांबलीच नाही. मान खाली घालून निघून गेली. काय बिघडलं, भिकाजींना कळेना.

तन्वीच्या कानावर ते गेलं. त्याच आठवड्यात तिने त्यांना देवगडला नेऊन कानाला यंत्र बसवून आणलं. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, आणि स्वतःच्याच आवाजाने ते दचकले. म्हणजे बहिरा देव नव्हताच तर.

ते तडक सुशीलाकडे गेले. ओटीवर अक्षया तांदूळ निवडत बसली होती.

"चुकलंय गो मी," ते सुशीलाला म्हणाले.

"चुकलास खंय? माज्या तोंडातसून ता निघाला नसता," सुशीला म्हणाली. "सासू देवाम्होरं चूक कबूल करता, असा कोणीतरी हिच्या म्हायेरात सांगल्यान. आपणहून इली ही."

परतताना त्यांचं डोकं चालेना. देवानेच आपल्याकडून हे करवून घेतलं म्हणावं, तर देव बहिरा झाला हे ठरवलं होतं आपणच. तिशीत स्वतः तापट होते, तेव्हा ते सांगत, देव लगेच कोपतो. बायको गेली त्या वर्षी सांगत, देव हल्ली गप्प असतो. एकदाही खोटं बोलले नव्हते. त्यांना तो तसाच दिसला होता. वडिलांचा देव तर चेष्टेखोर होता. वडीलही तसेच होते.

सकाळी एक माणूस नारळ घेऊन उभा राहिला. भिकाजींनी यंत्र काढलं, पुन्हा घातलं. पाषाणाकडे पाहिलं.

"काय झाला?" त्या माणसाने विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "त्येका कसा सांगू, ता कळना नाय."