टाकाचं माहेर

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर आणखी एक बाई बांधली. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई: दोन डोळे, एक नाक, कमरेवर हात. ही माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली होती. बिजवराशी लग्न करणारीनं मेलेल्या सवतीचा टाक मरेपर्यंत गळ्यात वागवायचा, अशी आमच्या तापीकाठची रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा घासही आधी तिचा. टाक उतरवला तर ती कोपते म्हणत. आता सोनाराकडे ठसाच एक, त्यामुळे गावातल्या सगळ्या मेलेल्या बायका एकाच तोंडाच्या दिसत, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. माझं सासरचं नावसुद्धा तिचंच ठेवलं. घरच्यांची जीभ वळलेली होती, तिला कशाला त्रास?

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त त्यांच्या मनात एक सून होती आणि त्या मला तिच्यासारखी करायला बसल्या होत्या. ती हळू बोलायची. उरलंसुरलं गोड मानून खायची. कुणी रागावलं तर मान खाली घालायची. "तिनी कधी तोंड वर करीसन देखं नही," हे वाक्य मी जात्यावर ऐकलं, विहिरीवर ऐकलं, कापूस वेचताना ऐकलं. मी आमच्या घरची तोंडाळ पोरगी. बाप म्हणायचा, हिला शेताच्या बांधावर उभी करा, पाखरं आपोआप उडतील. पण रोज रोज कोण भांडणार? हळूहळू माझा आवाज बसत गेला. नवऱ्याला काही विचारलं की तो बैलांकडे बघून म्हणे, "माय सांगस तेच खरं." तो तिच्याबरोबर संसार केलेला माणूस, पण ती कशी होती हे त्यालाही आईला विचारावं लागायचं. आता हसू येतं. तेव्हा जीव घुसमटायचा.

मग मला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा मी पहिल्यांदा काही मागितलं: बाळंतपणाला मला आईकडे जाऊ द्या. माझं माहेर नवापूरच्या अंगाला, लांब. लाडाकोडाची हौस नव्हती मला, मी भ्याले होते. पहिली ज्या खोलीत गेली तीच खोली माझ्यासाठी सारवून ठेवली होती. तीच बाज, तेच कोनाड्यातलं दिव्याचं दिवटाण. त्या खोलीत गेले तर मी परत बाहेर येत नाही, असं मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

सासूबाईंनी भाकरी थापता थापताच उत्तर दिलं. "ती कधी माहेरले गयी नही. आखाजीलेबी नही." आम्ही धाडत होतो, तीच नको म्हणायची, हे घरच तिला गोड वाटायचं, असं सांगून त्यांनी भाकरी उलटली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जात नाही म्हणजे एक तर तिला माहेर नाही, नाही तर तिला जाऊ दिलेलं नाही. हे मला कळत होतं. पण गळ्यातल्या बाईच्या चांगुलपणाशी भांडायचं कसं?

त्याच आखाजीला त्या बाईची आई आली. मेलेल्या लेकीच्या जागी आलेलीला लेक मानायचं, हीही रीतच, पण इतक्या दिवसांत ती कधी आली नव्हती. तापीपलीकडून छकडा जोडून आली आणि माझ्यासाठी लुगडं घेऊन आली. मी पाया पडले तशी तिनं माझ्या गळ्यातला टाक हातात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ही कोन शे?"

मागच्या अंगणात मला जवळ बसवून तिनं सगळं सांगितलं. दर आखाजीला लेकीला न्यायला तिचा भाऊ यायचा आणि रिकामा छकडा घेऊन परत जायचा. एकदा लेक गाठोडं घेऊन तापीवरच्या प्रकाशा गावाच्या घाटापर्यंत एकटी चालत गेली, तिथून तिला धरून आणली. मला रडू आलं नाही, भयंकर राग आला. कारण त्या हळू बोलणाऱ्या बाईपायी मी माझा आवाज घालवला होता, आणि ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती.

म्हातारी उठून ओट्यावर गेली. शेजारपाजारचे होते, सासरे होते. ती सासूबाईंना म्हणाली, "तुम्हीच म्हनतस ना, ती घरमा शे? मंग आखाजी शे. मन्ही पोरले मी लेवाले उनू."

लेकीला न्यायला आलेय म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, टाक गळ्यातून काढता येत नाही.

"मंग गळासंगे धाडा."

ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नाही म्हणावं तर ती घरात नाही असं कबूल करावं लागतं, आणि ती घरात आहे यावरच तर त्यांचा सगळा कारभार चालला होता. दुपार कलायच्या आत मी छकड्यात बसले.

त्या घरी माझी कोण चंगळ झाली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, डोक्याला तेल. पण दोन-चार दिवसांत म्हातारी म्हणाली, अशी मुकाट काय बसतेस, माझी पोर खळाळून हसायची. मी हसले. मग म्हणाली, माझ्या पोरीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर मिरच्यांचा ठेचा लागायचा, डोळ्यांतून पाणी आलं तरी सोडायची नाही. मला तिखट सोसत नाही, तरी मी खाल्लं. बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नसे, गळ्याकडे बघे. आईकडे जाऊ द्या, असं मी तिलाही म्हटलं. तिनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, आता कुठं तुला हातातून सोडू? सासूबाईंनी सांगितलेली बाई खोटी होती. हिची खरी होती. पण खरी झाली म्हणून काय, मला तिच्यासारखंच व्हावं लागत होतं, आणि इथं तर प्रेमानं सांगत होते, म्हणजे तोंड उघडायचीही चोरी.

शेवटी माझी आईच आली. कुणाकडून तरी कळलं, मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी, धुळीनं भरून आली. पाणीसुद्धा न पिता माझ्यापुढे बसली. पोटावर हात ठेवला, चेहरा न्याहाळला. इतक्या दिवसांत माझ्या तोंडाकडे बघणारं पहिलं माणूस. ती म्हणाली, "काय खाशी वं? सांग, आत्ता करस."

मी तोंड उघडलं. उरलंसुरलं चालतं, हे आठवलं. ठेचा लागतो, हेही आठवलं. त्यापलीकडे काही येईना. आई वाट बघत होती.

"माय, तूच सांग ना," मी म्हणाले, "मला काय आवडायचं?"

ती डोळे पुसून सांगू लागली, मी लहानपणी काय हट्ट करायचे, कशाला नाक मुरडायचे, कुणाशी कशी भांडायचे. मी नीट लक्ष देऊन ऐकत होते, एकेक गोष्ट पाठ करत होते.