वाचायची, विकायची नाय

चाचांइतका निष्पाप आणि चाचांइतका उपद्रवी माणूस मी सौदीतल्या अख्ख्या यान्बूत पाहिला नाही, आणि वाईट म्हणजे हे दोन्ही गुण त्यांच्यात एकाच वेळी काम करत. माणूस रत्नागिरीकडचा, एका कंत्राटदाराचं गोदाम सांभाळणारा, आमच्या खालच्या मजल्यावर एकटाच राहणारा. मी इस्पितळात एक्स-रे काढतो, पण चाचा मला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत आले. उघडं काय आणि झाकलेलं काय, हा भेद त्यांना ठाऊकच नव्हता. घरात आले की आधी पातेल्यावरचं झाकण उचलत. इस्पितळात आले की बाकावरच्या अनोळखी माणसाच्या हातातली फिल्म घेऊन उजेडाकडे धरत आणि "माशाल्ला, हाडां मजबूत हायत," असं त्याचं अभिनंदन करत. त्या बिचाऱ्याचा पाय मोडलेला असे.

सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसं काढून सौदी माणसं भरायची, ती वर्षं. रोज कुणाची तरी जागा जात होती, राहिलेल्यांचे पगार रखडत होते, आणि त्यात बायकापोरांना जवळ ठेवायचं तर माणशी सरकारात फी भरा असा नवा नियम आला. न भरली तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे चालू होत नसे. आणि इकाम्याचा नंबर माहीत असला की कुणाची किती थकलीय ते कुणालाही फोनवर दिसे. चाचा माणसांची नावं विसरत, नंबर मात्र सगळ्यांचे पाठ! भर बकाल्यात, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, कांदे निवडता निवडता ते विचारत, "काय रे, फॅमिलीची भरलीस का?" माणसं त्यांना पाहून कांदे न घेताच घरी जाऊ लागली.

मी एकदा वैतागून बोललो, तर उलट त्यांनीच मला समजावलं. "आमच्या गावात घरपट्टी कोनाची ऱ्हायली ती पंचायतीच्या भिंतीवर लावतात. माज्या चुलत्याचा नाव लागला, तर भावकीनं जुम्म्याच्या आत भरून टाकला. भिंत नसती तर कोनाला कळला असता?"

जुनं सामान घेणारा एक व्यापारी मात्र त्यांना बरोबर ओळखून होता. थकलेली फी म्हणजे लवकरच मोडणारं घर, आणि मोडणारं घर म्हणजे मातीमोल भावात फ्रिज. तो एक दिवस चाचांकडे आला. "चाचा, जिनकी फीस रुकी है, उनके नंबर दे दो. आपका कमीशन पक्का." चाचांनी चप्पल घेऊन त्याला जिन्यावरून खाली पिटाळलं. "मानसाची पट्टी वाचायची! विकायची नाय!" असं ते ओरडत होते आणि सगळी इमारत दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग माझाच पगार रखडला. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती. तेवढी होईपर्यंत कसंही करून निभावायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. चाचांनी माझा नंबर घालून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असणार, याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांनी आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर माझं नाव, नंबर, थकलेली फी सगळं टाकलं आणि खाली लिहिलं, "आपला मानूस हाय. भावकीनं बघावा."

भावकीनं जोडलेले हात पाठवले. व्यापारी कुणाच्या तरी ओळखीनं त्याच ग्रुपवर होता. चाचांनी जे विकलं नाही ते त्याला आयतं मिळालं, आणि त्यानं ते पुढे विकलंसुद्धा. दोन दिवसांत अनोळखी माणसं आमच्या दिवाणखान्यात सोफ्याची लांबी मोजत होती. "भाईसाब, मॅडम कब जा रही हैं?" मुलगी दारात उभी होती. "बाबा, आर वी लीव्हिंग?" एवढंच तिनं विचारलं. बायको म्हणाली, "आता कुणापासून लपवायचं? आम्ही जातो." त्या गेल्या. वर्ष सरत आल्यावर भारतातल्या शाळेनं पोरीला दहावीत घेतलं नाही. तिचं वर्ष बुडालं.

चाचा बरेच दिवस दिसले नाहीत. एका शुक्रवारी दुपारी वर आले तेव्हा मी साठवलेलं सगळं त्यांना ऐकवलं. भिंत, भावकी, काही सोडलं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, माजा नंबर घाल."

मी घातला. कुटुंबाच्या जागी कुणीच नव्हतं. चाचींना इथं आणायचं आणायचं म्हणता चाची गावाकडेच वारल्या, हे मला त्या दिवशी कळलं.

"बघ, माजा काय पण थकलेला नाय," चाचा म्हणाले. "थकायला कोन तरी हवा ना."

मी चहा ठेवला. आम्ही दोघांनी तो प्यायला. महिनाअखेर इस्पितळानं पगार दिला, मी राहिलेली फी भरून टाकली आणि उगाच माझाही नंबर घालून पाहिला. चाचांच्यासारखाच स्वच्छ दिसला.