शेजारच्या काकूंवर केलेलं गाणं

बोरगाव मेघेतलं आमचं अंगण आणि शेजारच्या काकूंचं अंगण यांच्यामध्ये खांद्याएवढी भिंत आहे. मी गिटार घेऊन बसले की भिंतीवर काकूंचं डोकं उगवायचं. मी गाणी लिहिते, चाली लावते आणि एक ढोलकीवाला, एक ड्रमवाला घेऊन कुणी बोलावेल तिथं गाते. याला काम म्हणतात, हे काकूंना पटत नव्हतं.

"तुह्यं लग्न काऊन जमून नाई राह्यलं, मले समजते," त्या म्हणायच्या. "हे टुणटुण बंद कर पहिले."

मी बंद केलं नाही. उलट काकूंवरच गाणं रचलं. लग्नात विहिणीला चिडवतात तसली चाल घेतली, साथीला गिटार दणदणीत ठेवली. गाणं आमच्या गल्लीत कधी म्हटलं नाही, एवढी अक्कल मला होती.

मग हिंगणीच्या मैत्रिणीने तिच्या बहिणीच्या हळदीला गायला बोलावलं. हिंगणी लांब, म्हणून मी बिनधास्त सुरू केलं:

"भिंतीवरून डोकं, डोक्याले दोन कान,
काऊन नाई करत पोरगी लगन?"

बायका हसायला लागल्या. तेवढ्यात नवरदेवाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन मांडवात शिरली आणि त्यांत पुढेच आमच्या काकू. त्या नवरदेवाच्या मावशी निघाल्या. मला थांबायचं होतं, पण मागे ड्रमवाला रंगात आला होता. सगळी कडवी म्हणावी लागली. शेवटच्या कडव्यात तर त्यांचा गाऊनही होता, जांभळ्या फुलांचा.

काकूंनी हळदीची वाटी कुणाच्या तरी हातात दिली, पदर खोचला आणि सरळ येऊन माझ्या हातातला माइक घेतला.

"ढोलकी चालू ठेव," त्या ढोलकीवाल्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत, माझ्याच चालीवर:

"गिटार घेऊन फिरते, चूल नाई पेटत,
हिच्या हातची भाजी कुत्रं नाई चाटत."

मांडव डोक्यावर घेतला बायकांनी. काकू थांबेनात. माझे केस झाले, फाटकी जीन्स झाली, मी जाळलेला कुकरही झाला. तो त्यांनी भिंतीवरूनच पाहिला असणार. मी मुकाट्याने गिटार वाजवत राहिले आणि मनात म्हटलं, बाईचा आवाज काय खणखणीत आहे.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. सेलू मागे पडल्यावर मी धीर केला.

"रागावल्या का?" मी विचारलं.

"नाई," काकू म्हणाल्या. "पण ते गाऊनचं कडवं अजून एक डाव म्हण बरं."

आता ते गाणं आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून गातो, आणि लोक तेच मागतात. गिरडच्या कार्यक्रमाआधी काकूंनी आयोजकांना पकडलं. पोस्टरवर माझ्या एकटीचाच फोटो होता. "माहा काऊन नाई?" म्हणून त्यांनी पर्समधून आपला फोटो काढून दिला. त्यात त्या दोन वेण्या घालून कॉलेजच्या गेटपाशी उभ्या आहेत. आयोजकांनी निमूटपणे तोच छापला.