बरणीतल्या सॉसला फोडणी

छबूबाईच्या हाताला चव आहे, यावर वस्तीत कुणाचं दुमत नव्हतं. लग्नकार्यात आमटीला फोडणी द्यायची वेळ आली की तिलाच बोलावणं यायचं, आणि तीही पदर खोचून अशा तोऱ्यात उभी राहायची की आचाऱ्यानं आपण होऊन बाजूला व्हावं. हिवरे बाजारच्या अलीकडे तिचं घर, दारात चार गाई. नवरा गेल्यावर त्या दुधावरच तिनं मुलाला, आदिनाथला, शिकवलं आणि पुण्याला नोकरीला लावलं.

अशा घरात सून आली ती दूध वर्ज्य केलेली! वासराच्या वाट्याचं आपण का घ्यायचं, म्हणून ज्ञानेश्वरीनं दूध, दही, तूप सगळं कॉलेजातच सोडलं होतं. त्यात तिला गव्हाचीही बाधा. गव्हाचा कण पोटात गेला तरी ओकाऱ्या आणि कळा सुरू होतात, म्हणून डॉक्टरांनी गहू जन्माचा बंद केलेला.

"दुधाचं घर, अन् सून काळा चहा पिती," छबूबाईची जाऊ सुरेखा पदराआड हसली, ते हिच्या फार जिव्हारी लागलं.

पण गव्हाचं पथ्य तिनं मनापासून पाळलं. मे महिन्यात दोघं आठ दिवस राहायला येणार म्हटल्यावर तिनं घरचं जातं धुऊन घेतलं आणि बाजरी स्वतः दळली. गिरणीत आधी कुणाचा गहू पडला असेल, याचा नेम काय? भाकरीवर ज्ञानेश्वरी खूश होती. कालवणाचं ओझं सासूवर नको म्हणून तिनं पुण्याहून एक काचेची बरणी आणली होती. मेक्सिकन सॉस! टोमॅटो, मिरची, मका असं काहीबाही. "आई, यात गहू नाही, दूध नाही. निर्धास्त खाता येतं. तुम्हीही खाऊन बघा."

छबूबाईनं बोटावर घेऊन चाटलं. आंबट, गोडसर, कच्चट. तिच्या मनात आलं, माझ्या घरी येऊन पोरीनं हे मिळमिळीत खायचं? लोक काय म्हणतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको शेताकडे गेली तेव्हा तिनं बरणी कढईत रिकामी केली. लसूण ठेचला, जिरं घेतलं, चिमूटभर हिंग घेतला. तेलाच्या बाटलीकडे हात गेला आणि मागं आला. बाजूलाच ताज्या लोण्याचा गोळा होता. चमचाभर लोण्यानं काय आभाळ कोसळणार आहे? उलट अंगी लागेल. तिनं लोण्यातच चरचरीत फोडणी दिली.

दुपारी ज्ञानेश्वरी दोन भाकरी जेवली. "आई, काय केलंत हो याला?"

"काय न्हाई, तेलावर जरा परतलं."

मग पोरगी फोनवर तिच्या आईला सांगत होती, "अगं, सासूबाई माझं इतकं जपतात, मला इथं विचारावंच लागत नाही." छबूबाई दाराआड उभी होती. आत जाऊन खरं सांगावं, असं तिला वाटलं. पण ती गोठ्याकडे निघून गेली.

तिसऱ्या प्रहरी ज्ञानेश्वरी ओकायला लागली. पोट धरून ती मोरीशी वाकली, चेहरा पांढराफटक. आदिनाथ पाठ चोळत होता. छबूबाईचं अवसान गळालं.

"माझंच चुकलं पोरी. तेल न्हवतं त्यात, लोणी हुतं. लोण्यानंच बाधलं तुला."

"लोण्यानं मला असं होत नाही, आई." ज्ञानेश्वरी भिंतीला टेकली. "आणखी काय घातलंत?"

"लसूण, जिरं, हिंग. बाकी काय न्हाई."

आदिनाथनं हिंगाची डबी आणली. बारीक अक्षरं उजेडात धरून त्यानं वाचली. हिंगात गव्हाचं पीठ होतं. आयुष्यभर फोडण्या दिल्या, पण हिंगात गहू असतो हे छबूबाईला ठाऊक नव्हतं. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"मला खरंच म्हाईत न्हवतं गं," ती म्हणाली.

"हिंगाचं माहीत नव्हतं, आई," ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली. "लोण्याचं माहीत होतं."

ती एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं; छबूबाईलाही चार शब्द सुचले असते. ती मान खाली घालून मोरी धूत राहिली. पाणी स्वच्छ वाहायला लागलं तरी ती घासतच होती.

दिवेलागणीला ज्ञानेश्वरीला जरा बरं वाटलं. छबूबाई तिच्यासाठी भाताला पाणी ठेवत होती. ज्ञानेश्वरी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली, तिनं पातेलं उचललं, घासणी घेतली आणि ते आतून-बाहेरून पुन्हा घासलं.

"राहू द्या, आई. माझं मी करते."

आवाजात राग नव्हता. छबूबाई ओट्यापासून बाजूला झाली.