पॅकी शॅनलीचा गिळलेला सूर

फेलिम मल्व्ही लाकडी बासरी शिकला पॅकी शॅनलीच्या स्वयंपाकघरात. मग बरीच वर्षं लंडनमध्ये दिवसा विटा वाहिल्या आणि शनिवारी आपल्या आयरिश लोकांच्या नाचाला वाजवलं. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या: चांगली बासरी आणि वाईट छाती. तोवर पॅकी गेला होता, म्हणून आमच्या ड्रमकोरा गावाच्या सभागृहात फेलिम शिकवायला लागला.

कागदावरून तो शिकवत नसे. तो एक ओळ वाजवायचा, आम्ही ती जशीच्या तशी वाजवायची, मग पुढची. पॅकीने बांधलेली रील, म्हणजे नाचाची जलद चाल, त्याने अख्ख्या गावाला अशीच दिली. दुसऱ्या भागाच्या मध्यावर मात्र त्याचा दम संपे. तिथला एक वरचा सूर तो गिळायचा, श्वास घ्यायचा आणि पुढे जायचा. आम्हीही गिळायचो. बासरीवाले श्वास घेत. माझ्यासारख्या फिडलवाल्या, म्हणजे व्हायोलिनवाल्या, नुसत्याच थांबत.

एका स्पर्धेत परीक्षकांनी याला आमच्या परगण्याचा, ‘लीट्रिमचा जुना, खास थांबा’ म्हटलं. फेलिमने मान डोलावली.

मग पॅकीची बहीण डेलिया बॉस्टनहून कायमची परत आली. पहिल्याच आठवड्यात पबमध्ये चहा घेऊन ती आमच्यासमोर बसली. पॅकीची रील वाजवून झाली.

“फेलिम, आमच्या पॅकीचा सूर कुठं ठेवलास?”

“कुठला, डेलिया?”

“वरचा. आमची आई गाईंना हाक मारायची, त्यावरून घेतला होता त्यानं. ठाऊक नाही तुला?”

“ठाऊक आहे. पण छातीत दम राहिला नाही.”

“तुझ्या नसेल. या पोरीच्या फिडलला कुठं छाती आहे?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिडलकडे पाहिलं.

“महिनाअखेरीला चर्चमध्ये पॅकीच्या नावानं मिस्साची प्रार्थना आहे,” डेलिया म्हणाली. “तिथं मला ती चाल अख्खी ऐकायची आहे. नव्वदी गाठली मी. पुढच्या वर्षीचं धरून चालू नकोस.”

फेलिमला झोप लागेना, असं त्याची बायको दुकानात सांगत होती. वर्गात त्याने तो सूर गळ्यातून गाऊन दाखवला. एकेकट्याला सगळ्यांना जमला. एकत्र वाजवायला घेतलं की सगळे त्या जागी गप्प.

“पुन्हा,” फेलिम म्हणाला.

पुन्हा गप्प.

“इतकं नीट शिकायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

शेवटी त्याने तोडगा काढला. चर्चमध्ये तो वाजवणारच नव्हता. “माझा श्वास ऐकून थांबता तुम्ही. श्वासच ऐकू आला नाही तर थांबाल कशाला?”

मिस्साच्या दिवशी तो बासरी मांडीवर ठेवून आमच्या शेजारी बसला. आम्ही सुरुवात केली. दुसरा भाग आला. ती जागा जवळ आली. माझं बोट त्या सुरावर टेकलंही होतं.

आणि फेलिमने सवयीने, मांडीवरच्या बासरीसाठी, भलामोठा श्वास घेतला.

आम्ही थांबलो. सगळेच.

तेवढ्या जागेत पहिल्या बाकावरून डेलियाने गाईंना हाक मारली. वरच्या सुरात, नेमकी. आम्ही पुढे निघालो. तो भाग दुसऱ्यांदा आला तेव्हाही आम्ही थांबलो, आणि गाईंना पुन्हा हाक गेली. फादर जोडलेल्या हातांकडे बघत राहिले.

बाहेर फेलिम टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“चुकलं, डेलिया.”

“झाली की अख्खी.”

“ते तू हाक मारलीस म्हणून.”

“मग कुणी मारायची? आई माझी होती.” तिने त्याच्या दंडाचा आधार घेतला. “चल, चहा पाज आता.”

पुढच्या वर्गात फेलिमने नव्या मुलांना रील शिकवायला घेतली. पहिली ओळ, दुसरी ओळ. मध्यावर तो थांबला, श्वास घेतला, आणि गाईंना हाक मारली. मुलांनी जशीच्या तशी मारली.