तीन गाठींची पाकिटं

न खपलेला मासा हेच आमचं जेवण. आई रत्नागिरीच्या बाजारात मासे विकायची. टोपली रिकामी झाली की घरी नुसता भात आणि आमसुलाचं सार. फ्रीज आला तो मी बी.कॉम. होऊन नोकरीला लागल्यावर. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे आईला जरा जास्तच वेळा ऐकवलं असेल...

दीड महिन्यापूर्वी भावाचा फोन आला, "आई गेली." मी इथे सिंगापुरात, यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रीजरसमोर उभी होते, आणि खरं सांगते, तिच्यावरच वैतागले होते.

दरवर्षी ती इथे यायची आणि फ्रीजरचा ताबा घ्यायची. मी प्रत्येक पाकिटावर नाव-तारखेची चिठ्ठी लावायची. तिला अक्षरओळख नव्हती. ती चिठ्ठ्या सोलून टाकायची आणि पाकिटाला दोरा बांधून त्याला गाठी मारायची. शिवाय गोठलेली सुरमई सरळ कढत पाण्यात! बाहेरून शिजायची, आत दगड.

"आई, आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात काढून ठेवायची. कितीदा सांगू?"

"उद्या काय खायचं ते आज कसं गं कळतं तुम्हाला?"

माझी मुलगी हसून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, "आजी, यू विन लाह." मला हसू येत नसे.

"आणि या गाठी कसल्या? यात सुरमई कुठली, पापलेट कुठलं?"

"उघडून बघ. एवढी शिकलीस ना."

शेवटच्या खेपेला परत जाताना तिने ताजे मासे आणून, कापून, मीठ-हळद लावून फ्रीजर भरून ठेवला. एकावरही चिठ्ठी नाही. भावाच्या त्या फोननंतर कितीतरी दिवस मी त्या पाकिटांना हात लावला नाही. मग एक पाकीट आदल्या दिवशी खाली काढून ठेवलं. तीन गाठी, आत सुरमईचे तीन तुकडे. दुसऱ्यालाही तीनच गाठी. तीन छोटी पापलेटं. तळाशी बर्फात रुतलेलं एक जुनं पाकीट सापडलं, ती इथे असतानाचं. त्याला चार.

गाठी माशांच्या नव्हत्याच. जेवणाऱ्या माणसांच्या होत्या. नवरा, मुलगी आणि मी... जाताना तिने स्वतःला मोजलं नव्हतं. हे सांगायला काय झालं होतं तिला? आणि मी तरी सरळ कधी विचारलं?

चार गाठींचं पाकीट तसंच आहे. बाकीची मी एकेक करून आदल्या दिवशी खाली काढते. मासा फुटत नाही, कालवण तिच्यासारखं होतं. आईचं लिहिलेलं मला आता वाचता येतं.