चांगुणाबाईच्या शिंदी

वाटूर फाट्यापासून दोन कोस आत जे गाव लागतं, तिथल्या बौद्ध वस्तीत चांगुणाबाई राहते. वय सत्तरीच्या पुढेमागे. नेमकं तिलाही ठाऊक नाही. एक काळ असा होता, की वस्तीतली कुठलीच पोरगी तिच्या चटईवाचून सासरी गेली नाही. शिंदीच्या पानांची चटई, आणि एकीसारखी दुसरी नाही.

शिंदीचे झाडायचे फडे सगळ्याच बायका बांधायच्या. नक्षी मात्र एकटी चांगुणाबाई काढायची, आणि ती तिला कुणी शिकवलेली नव्हती. सकाळी ती नाल्यावर जायची तेव्हा ओल्या वाळूतून तित्तर चालून गेलेला असायचा. ते तीन बोटांचे ठसे बघत ती उकिडवी बसून राहायची. चार दिवसांनी तेच ठसे चटईत उमटायचे, पळसाच्या फुलांत रंगवलेल्या केशरी पानांचे. धामणीनं टाकलेली कात, तव्यावर फुगलेल्या भाकरीचे डाग, काहीही तिला चालायचं. एकदा फाट्यावर चिखलात उठलेली ट्रकच्या टायरची नक्षी बघत ती उभी राहिली आणि समोरून एसटी निघून गेली.

"गेली न बस!" सोबतची उषाबाई करवादली.

"जाऊ दे वं. दुसरी येईल. हे उद्या दिसायचं न्हाई."

हे सगळं नाल्याकाठच्या शिंदीच्या जिवावर चाललं होतं. सतरा झाडं होती. कोवळी पानं कोणत्या झाडाची मऊ, कोणत्याची चिवट, हे तिला हातालाच कळायचं.

तीन वर्षांमागे उन्हाळ्यात नाला खोल करायला मशीन आलं. चांगुणाबाई मशीनपुढं जाऊन उभी राहिली. वर बसलेला चालक बबलू म्हणाला, "मावशी, सरका. लागंल." ती सरकेना, तेव्हा त्यानं सरपंच अण्णासाहेबांना फोन करून बोलावलं.

"अण्णासाहेब, सगळ्या न्हाई म्हणत मी. सात तरी सोडा."

अण्णासाहेब काही वाईट माणूस नव्हता. तो रागावला नाही. म्हणाला, "मावशी, काठ बराबर सरळ काढल्याबिगर पाणी थांबत न्हाई. तुमच्याच वस्तीत टँकर येतो ना दर उन्हाळ्यात? तुम्हीच सांगा, झाडं पाह्यजेत का पाणी?"

टँकरमागं हंडा घेऊन ती स्वतःच किती धावली होती, दोनदा पडलीही होती. ती बाजूला झाली.

दुपारपर्यंत सतरा झाडं मुळं वर करून आडवी पडली. एका झाडाला सुगरणीचं गेल्या सालचं घरटं तसंच लटकलेलं होतं. चांगुणाबाईनं विळ्यानं कापवतील तेवढी पानं कापली, डोक्यावरून पाच खेपा घातल्या, सावलीत वाळवून भारे आढ्याला बांधून ठेवले.

पाणी आलं, हे खोटं नाही. दुसऱ्या साली चैत्रातही वस्तीतला हापसा चालला. बायका खूश होत्या. मग तिनं रडायचं तरी कुणापुढं? एकदा सवयीनं नाल्यावर गेली. दोन्ही काठ भिंतीसारखे उभे कापलेले, मध्ये गढूळ पाणी. वाळू नव्हती. ती आल्या पावली परत फिरली. पुन्हा गेली नाही.

मुलगा प्रेम मंठ्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन आला. "माय, आता समदे ह्याच्याच टोपल्या करून राह्यले. तू बी कर."

तिनं करून पाहिल्या. पट्टी बोटातून सटकायची. नक्षी म्हणून नुसते चौकोन निघायचे. दोन टोपल्या झाल्या; तिसरी तिनं हातातच घेतली नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर नातीचं, प्रेमच्या साक्षीचं लग्न ठरलं. तिच्या चटईची नक्षी चांगुणाबाईनं पंधरा वर्षं मनात धरून ठेवली होती. साक्षी लहान असताना आंघोळ करून ओल्या पायांनीच सारवलेल्या ओट्यावरून पळत सुटायची. ती इवली पावलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. चांगुणाबाईनं आढ्यावरचे भारे सोडले. दोन भारे वाळवीनं पोखरले होते. उरलेली पानं भिजवून ती विणायला बसली. पावलं उठली, अगदी बोटांसकट. पण अर्ध्यावर पानं संपली.

प्रेम गाडी घेऊन हिंडला. तीर्थपुरीकडं एका ओढ्याला चार शिंदी सापडल्या, पण कुणीतरी बांध पेटवताना त्या होरपळल्या होत्या. आणलेली पानं तिनं दोन दिवस भिजवली. दुमडायला गेलं की कडकन मोडायची.

"आजी, अर्धीच दे की मला," साक्षी म्हणाली.

"अर्ध्या चटईवर निजते का कोणी? लोक काय म्हणतील तुझ्या सासरचे?"

लग्न लागलं. पाहुण्यांनी कपाट दिलं, मिक्सर दिला. आजीनं बाजारातलं ब्लँकेट दिलं.

पाहुणे पांगल्यावर चांगुणाबाईनं ठरवलं, अर्धी उसवायची आणि त्याच पानांतून लहान, पण पुरी चटई विणायची. पुढं बाळाला तरी होईल. ती ओट्यावर बसून एकेक पान सोडवू लागली. तीन वर्षांची वाळलेली पानं होती ती. जिथं एकदा मुडपलेली होती, तिथंच तुटत गेली. तिनं पाणी शिंपडलं, हात हलका केला, तरी तुटत गेली. थांबावं हे तिला कळत होतं. पण थांबून वाचवण्यासारखं तोवर काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी सुनेनं तो चुरा झाडून चुलीत घातला.

महिनाभरानं जालन्याहून साक्षीचा फोन आला. "आजी, ती अर्धी चटई पाठव ना बाबांसंगं. भिंतीला लावते मी. यायलेत ना ते बुधवारी?"

चांगुणाबाईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आजी? ऐकू यायलंय का?"

"न्हाई राह्यली ती, बाई," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

फोन तिनं प्रेमच्या हातात दिला. बाहेर बायका कापूस वेचायला निघाल्या होत्या. तिनं ओटीला फडकं बांधलं आणि त्यांच्या मागून चालू लागली.